साहेब म्हणाले हे खेळणं आहे, मग मी यातच करिअर करू का?

या वेळचं पत्र चंद्रपूरहून आलंय, जरा कापून देते:

"ताई, मी तुकूमला राहते. एम.एस्सी. फिजिक्स झालं, इलेक्ट्रॉनिक्स स्पेशलायझेशन. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून हवेतली धूळ मोजायचं मशीन बनवलं, एसडीएस०११ सेन्सर आणि ईएसपी३२ बोर्ड, सगळं मिळून चारेक हजारात. दीड वर्ष झालं, गच्चीवर चोवीस तास चालू आहे. या जानेवारीत एका पहाटे पीएम २.५ तीनशेच्या वर गेलं, मी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, एका लोकल पेपरवाल्याने तो उचलला आणि 'मर्यादेच्या पाचपट प्रदूषण' अशी हेडिंग दिली. मग एका सरकारी ऑफिसातून बोलावणं आलं. साहेब म्हणाले हे खेळणं आमच्या यादीत नाही, तुझे आकडे फुगवलेले आहेत, लोकांना घाबरवू नको. घरी येऊन रडले. बाबा कोळशाच्या खाणीत आहेत, ते म्हणतात ज्या धुळीवर आपलं घर चालतं तिच्याच मागे काऊन लागलीस, बँकेची परीक्षा दे. मला मात्र यातच पीएचडी करायचीय. यात खरंच करिअर असतं का ताई? – धुळीतली पोर"

अगं पोरी, साहेबांची बोलायची पद्धत वाईट होती यात वादच नाही, एवढी खटपट करून बनवलेल्या वस्तूला खेळणं म्हणायचं काही कारण नव्हतं. पण त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. आणि उरलेलं अर्धं कुठे चुकतंय ते आकड्यानिशी दाखवता येणं हेच या क्षेत्रातलं खरं काम आहे, म्हणजे तुझ्या करिअरच्या प्रश्नाचं उत्तर त्या ऑफिसातच पडलं होतं, तू रागात निघून आलीस म्हणून दिसलं नाही.

आधी ती हेडिंग निकालात काढू. आपल्याकडे पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या आतल्या बारीक कणांचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मानक आहे ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, २००९ पासून तेच आहे, आणि ते चोवीस तासांच्या सरासरीचं आहे. तुझं मशीन सेकंदासेकंदाला आकडा फेकतं. थंडीत पहाटे खाली कुणी शेकोटी पेटवली, कुणी पालापाचोळा जाळला की पाच मिनिटं तीनशे होणारच, त्यात खोटं काही नाही, पण त्या पाच मिनिटांना दिवसभराच्या ६० ने भागून पाचपट म्हणणं हे मात्र चूक. ही चूक पेपरवाल्याची जास्त, तुझी कमी. तरी पुढच्या वेळी स्क्रीनशॉट देऊच नकोस, दिवसाची सरासरी दे, आणि वाटलंच तर सोबत हेही सांग की जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून त्याच चोवीस तासांना फक्त १५ म्हणते, म्हणजे दिवसाचा आकडा आपल्या ६० च्या आत असला तरी सगळं आलबेल असं काही नसतं.

आता तुझ्या डबीत काय चालतं ते. तुला माहितीये, पण बाकीचे वाचक पण आहेत म्हणून सांगते. छोटा पंखा हवा आत ओढतो, त्या हवेवर लेझरचा झोत पडतो, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, डिटेक्टर तो मोजतो आणि चिप अंदाज बांधते की एवढा प्रकाश म्हणजे एवढे मायक्रोग्रॅम. धुळीचं वजन कुणीच केलेलं नसतं. कण कसे असतील, किती जड असतील हे कारखान्यात आधीच गृहीत धरून ठेवलेलं असतं आणि तो कारखाना चीनमधला, त्याला इरईकाठची पहाट आणि घुग्घुसच्या रस्त्यावरची दुपार यातला फरक काय माहीत असणार.

पहाटेचंच घे. जानेवारीत पहाटे धुकं, आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर गेली की बरेचसे कण पाणी ओढून फुगतात, फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, तुझ्या मशीनला वाटतं धूळ वाढली. सरकारी स्टेशनात जे बीटा मशीन असतं, सगळे त्याला बॅम म्हणतात, ते हवा आत घेतानाच नळी तापवून ओलावा घालवतं, मग धूळ फिल्टरच्या फितीवर गोळा करून कार्बन-१४ मधून निघणारे बीटा कण तिच्यातून किती आरपार जातात त्यावरून धुळीचं वस्तुमान काढतं. त्याला किंमतही तशीच पडते, एक मशीन काही लाखांना आणि पूर्ण स्टेशन कोटीच्या आसपास. तर थंडीतल्या पहाटेच्या बाबतीत साहेब बरोबर, तुझा आकडा फुगलेला असणार.

पण मे महिना बघ ना. ४५-४६ डिग्री, हवा ठणठणीत कोरडी, कोळशाचे ट्रक चाललेत, रस्त्याच्या कडेची राख वाऱ्यावर उठतेय, ही सगळी जाड धूळ. आणि या सेन्सरवर कितीही ठळक अक्षरात पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) लिहिलेलं असलं तरी त्यांना नीट दिसतात ते साधारण १ मायक्रॉनच्या आतबाहेरचेच कण, वरच्या जाड धुळीचा आकडा चिप अंदाजपंचे काढून देते, शिवाय जाड कण त्या इवल्याशा पंख्याच्या ओढीने वळून आत येतच नाहीत नीट, वाटेतच बसतात. म्हणजे ज्या गावाची मुख्य तक्रारच जाड धुळीची आहे तिथे उन्हाळाभर तुझं मशीन पीएम १० बहुतेक कमीच सांगत असणार! साहेब म्हणतात तू फुगवून सांगतेस आणि तुझ्या डेटात निम्मं वर्ष उलटंच घडत असेल. (खालच्या टोकाला अजून एक भोक आहे, ०.३ मायक्रॉनच्या खालचे कण याला जवळपास दिसतच नाहीत आणि डिझेलच्या ताज्या धुरातले कितीतरी कण तिथलेच. असो.)

मग अशा मशीनचा उपयोग काय? घरचा वजनकाटा दोन किलो जास्त दाखवतो हे एकदा कळलं की आपण तो फेकून देत नाही, दोन वजा करतो आणि वापरतो. तुझा काटा जरा लहरी आहे, थंडीत एक दाखवतो, उन्हाळ्यात दुसरं, पावसाळ्यात तिसरंच, त्यामुळे किती वजा आणि किती अधिक ते हवामान बघून शोधावं लागतं. त्यासाठी खात्रीच्या मशीनशेजारी आपलं मशीन ठेवायचं आणि महिनोन् महिने दोघांचे आकडे ताडून बघायचे, याला को-लोकेशन म्हणतात आणि हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे हे आधीच सांगून ठेवते. सोल्डरिंगला मजा येते, ॲप बनवायला मजा येते, मॅपवर लाल-हिरवे ठिपके बघायला तर फारच मजा येते, आणि हे कंटाळवाणं काम करायला कुणी बसत नाही म्हणून असे ठिपके दाखवणारे ढीगभर आहेत आणि त्या ठिपक्यावर विश्वास किती ठेवायचा हे सांगणारे कमी आहेत. तुला नोकरी कशात आहे हे यावरून ओळख.

अमेरिकेत काय झालं बघ. तिथे पर्पलएअर म्हणून असेच लेझरवाले सेन्सर लोकांनी घराघरांवर लावले, ते बऱ्यापैकी जास्त दाखवायचे. मग तिथल्या पर्यावरण खात्याच्या संशोधकांनी देशभरातून सरकारी मशीनशेजारचे आकडे जमवले आणि एक साधं समीकरण काढलं, २०२१ मध्ये ते छापून आलं: सेन्सरचा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रता गुणिले ०.०८६२ वजा करा, वर ५.७५ मिळवा. बस, एवढंच. दहावीचं पोरगं करेल एवढं गणित, पण त्याच्या जोरावर वणव्यांच्या धुराच्या सरकारी नकाशावर आज लोकांच्या घरचे सेन्सर झळकतात. हे समीकरण उचलून आपल्या डेटाला लावू नकोस हं, ते तिकडच्या हवेचं आहे. चंद्रपूरचं वेगळं निघेल, कदाचित ऋतूगणिक वेगळं, आणि ते शोधणं हाच तुझ्या पीएचडीचा पहिला चॅप्टर होऊ शकतो.

आपल्याकडे हे होत नाही असंही समजू नकोस. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मिळून मुंबईत चार स्टार्टअपचे ४० स्वस्त सेन्सर लावले होते, कुठे, तर मंडळाच्या स्वतःच्या स्टेशनांशेजारी. त्यामागे होते कानपूरचे प्रा. सच्चिदानंद त्रिपाठी, त्यांना २०२३ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला त्यात अशा सेन्सरच्या जाळ्याचं कामही धरलं होतं. म्हणजे यादीत नाही म्हणणारं सरकार दुसऱ्या हाताने हेच सेन्सर तपासून बघतंय. पुढच्या वेळी ऑफिसात जाशील तेव्हा हे तुझ्या फाइलमध्ये वरतीच असू दे.

हो, पुढच्या वेळी म्हणतेय, कारण तुला परत जायचंय. एकटी नाही, कॉलेजच्या एचओडींच्या सहीचं पत्र घेऊन, आणि भांडायला नाही, परवानगी मागायला, की तुमच्या स्टेशनशेजारी माझी मशीन्स ठेवू द्या, थंडीत एक महिना, उन्हाळ्यात एक, पावसाळ्यात एक, निकाल आधी तुम्हालाच दाखवते. एक नाही, एकसारखी तीन मशीन ठेव, कारण ती आपसात तरी जुळतात का हे आधी कळलं पाहिजे, आणि सोबत आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर लाव, आर्द्रता नसेल तर सगळा डेटा वाया जातो. साहेब नाहीच म्हणाले तरी काम अडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर चंद्रपूर शहर आणि खुटाळा एमआयडीसी दोन्हीकडचे आकडे फुकट उतरवून घेता येतात, स्टेशनच्या जवळपास कुणी ओळखीचं राहत असेल तर त्यांची गच्ची माग. अगदी शेजारी असल्याची सर येणार नाही पण सुरुवातीला चालतं. आर या संगणक भाषेत ओपनएअर नावाचं पॅकेज आहे, फुकट, त्यात वाऱ्याची दिशा आणि वेग टाकलास की कुठल्या बाजूच्या वाऱ्याबरोबर धूळ वाढते त्याचं चित्र निघतं, गावाच्या कुठल्या अंगाला वीज केंद्र आणि कुठल्या अंगाला खाणी हे तुला पाठ आहे, तेव्हा ते चित्र बाहेरच्या कुणाहीपेक्षा तुला जास्त चांगलं वाचता येईल. कायद्याने पुरावा म्हणून ते चालणार नाही पण कुठे आणि किती वाजता बघायचं ते कळतं, तेवढ्यावर हवा मोजणाऱ्या मोबाइल व्हॅनची मागणी करता येते.

आता कर्क स्मिथबद्दल सांगायलाच पाहिजे, स्वस्त सेन्सरवर संशोधक होता येतं का या प्रश्नाचं माझ्या मते तेच उत्तर आहेत. बर्कलीचे प्राध्यापक, २०२० च्या जूनमध्ये गेले. १९८० च्या सुरुवातीला, जेव्हा प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी असं सगळे धरून चालायचे, तेव्हा हा माणूस गुजरातमधल्या खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर छोटा पंप लावून त्या श्वासात काय घेतात ते मोजत होता, १९८३ मध्ये तो पेपर आला भारतातल्या सहकाऱ्यांबरोबर. गच्चीवरचं मशीन शहराची हवा सांगतं, बाईच्या नाकापुढची सांगत नाही, ही एवढीशी गोष्ट त्यांनी जन्मभर लावून धरली. पुढे मोठी मशीन्स स्वयंपाकघरात नेणं परवडेना म्हणून त्यांच्या गटाने काय केलं माहितीये? अमेरिकेत घरोघरी छताला आग लागल्यावर कोकलणारा स्मोक अलार्म असतो ना, तो उघडला, त्यातला धूर ओळखणारा भाग घेऊन स्वस्तातलं मोजयंत्र बनवलं. आणि तेही सरळ चुलीवर नेऊन टांगलं नाही, आधी लाकडाच्या धुरात फिल्टरच्या वजनाशी ताडून पाहिलं. तू दीड वर्षापूर्वी केलंस त्याच जातीचं काम आहे हे, फक्त ताडून बघायची पायरी तुझी राहिलीये.

बरं, आता पोटापाण्याचं. गोड बोलणार नाही. कायमस्वरूपी सायंटिस्टच्या जागा थोड्या आहेत, मधली काही वर्षं करारावरच्या प्रोजेक्टमध्ये जाऊ शकतात आणि वयाच्या तिशीत बँकेतली मैत्रीण फ्लॅटचे हप्ते भरत असेल तेव्हा तू थिसिस लिहीत असशील, हे डोक्यात ठेवून ये. पण उपाशी राहायची वेळ येत नाही. सीएसआयआर नेट ही फेलोशिपची परीक्षा वर्षातून दोनदा होते, तू फिजिकल सायन्सेसमधून देऊ शकतेस, नाहीतर पृथ्वी-वातावरण-सागर विज्ञान असा वेगळाच पेपर आहे तो बघ. त्यातून जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० अधिक घरभाडे, दोन वर्षांनी ४२,०००. गेटलाही २०२१ पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी असा पेपर सुरू झालाय. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप असतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, अर्जाची मुदत फार चटकन निघून जाते.

जागा म्हणशील तर नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था तुला घरापासून सगळ्यात जवळ. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहे, दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी सफर हा हवेचा अंदाज सांगणारा प्रकल्प तिथूनच सुरू झाला. आयआयटी मुंबईत पर्यावरण विभाग आहे आणि केमिकलमध्ये प्रा. चंद्रा वेंकटरामन आहेत, चुलीचा धूर, काजळी आणि हवामान या विषयात त्यांचं नाव जगभर घेतात. नावं बघून मात्र भुलू नकोस. गाईडला भेटशील तेव्हा सरळ विचार की सर, तुमच्याकडे रेफरन्स मशीन, म्हणजे ताडून बघायचं खात्रीचं मशीन, स्वतःचं आहे का, मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आहे का, आणि माझे आकडे कुणाला नकोसे निघाले तरी मला ते छापता येतील का. पहिल्या दोनांचं उत्तर नाही असेल तर तू पाच वर्षं न ताडलेले आकडे जमवत बसशील. तिसऱ्यावर गाईड गडबडले तर लॅबमधल्या सीनियरला चहा पाजून खरं काय ते काढून घे, आणि पीएचडीला साधारण किती वर्षं लागतात तेही त्यालाच विचार, गाईडला नको.

पीएचडीनंतर प्राध्यापकीच केली पाहिजे असंही नाहीये. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात १३० च्या आसपास शहरं आहेत आणि चंद्रपूर त्यांपैकी एक, त्यामुळे महापालिकांना मोजणारी माणसं लागतात, सेन्सर बनवणाऱ्या कंपन्यांना कॅलिब्रेशन, म्हणजे हेच ताडून दुरुस्त करणं, जमणारी लागतात आणि हार्डवेअर पण कळतं, डेटा पण कळतो अशी व्यक्ती सहज मिळत नाही. प्रदूषण मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्याच्या जागा निघतात. हसू नकोस, एखाद्या दिवशी त्या साहेबांच्या खुर्चीत तू बसलीस तर येणाऱ्या पोरीशी नीट बोलशील तरी.

राहिले बाबा. त्यांचं म्हणणं मला अजिबात बावळट वाटत नाही. २००९ मध्ये केंद्राच्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं, हे त्यांना तुझ्या पुस्तकातून कळायची गरज नाही, त्यांनी ते छातीत घेतलंय इतकी वर्षं. त्यांना भीती ही आहे की पोरगी खाणीविरुद्ध उभी राहिली असं गावात दिसेल. तर त्यांच्याशी प्रदूषणावर वाद घालू नकोस, त्यांना एक प्रश्न विचार, की बाबा तुमच्याकडे धूळ कशी मोजतात? खाणीत धूळ मोजणं नियमानेच असतं, कामगाराच्या अंगावर सॅम्पलर लावून मोजतात, त्यांनी पाहिलं असेल, कदाचित स्वतःच्या अंगावर लावलंही असेल. त्यांच्या कामाच्या जागी जे सुरक्षेचं काम समजलं जातं तेच तू गच्चीवर करतेयस. आणि खाणी, सिमेंट, वीज सगळीकडे पर्यावरण विभाग असतो, तिथे पण धूळ मोजणाऱ्या माणसाला पगार मिळतो, हे सांगितलंस तर ते अर्धे निवळतील असं वाटतं. उरलेल्या अर्ध्यासाठी सौदा कर: नेटचे दोन अटेंप्ट मला द्या, त्या काळात बँकेचे फॉर्म पण भरते. भर खरंच. बँकेची परीक्षा पास झालीस आणि तरी लॅबमध्ये गेलीस तर घरातल्यांना ते वेगळं दिसतं, नापास होऊन गेलेलं वेगळं.

आणि तो पेपरवाला परत येईल, थंडी सुरू झाली की येतातच. त्याला हाकलू नकोस. को-लोकेशनचे आकडे हातात आल्याशिवाय बातमी नाही, आल्यावर पहिली तुला देईन, असं सांगून ठेव.

ता. क. एक राहिलंच. एसडीएस०११ बनवणारे लेझरचं आयुष्य ८,००० तास सांगतात, चोवीस तास चालवला तर जेमतेम अकरा महिने. तुझा दीड वर्ष चालू आहे, म्हणजे जानेवारीतला तो तीनशेचा आकडा बहुतेक मुदत संपलेल्या लेझरने दिलेला आहे, धुक्याने किती फुगवला आणि थकलेल्या लेझरने किती खाल्ला ते आता सांगता यायचं नाही. नवीन तीन मागव, दर पाच मिनिटांत एकच मिनिट चालतील असा कोड लिही म्हणजे टिकतील, इनलेटला बारीक जाळी लाव नाहीतर कोळी घर करतात. जुना फेकू नको, त्याच तिघांच्या शेजारी चौथा म्हणून लाव आणि फाइलला वेगळं नाव दे, सेन्सर म्हातारा झाला की आकडा कुठे सरकतो हे तपासायला तुझ्याकडे आयताच नमुना आहे.